'अप्लाय' दाबण्याआधी करिअर साइट कशी वाचावी

पुण्यात रिक्रूटमेंटचं काम करताना फ्रेशर मुलामुलींशी रोज बोलणं होतं. कंपनीबद्दल काय वाटलं असं विचारलं, की हमखास उत्तर येतं, "साइट भारी आहे हो त्यांची!" नाहीतर, "साइट बघूनच नको वाटलं."

असं वाटणं साहजिक आहे. कॅनडातल्या गिटे लिंडगार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या २००६ च्या अभ्यासात लोकांचं पानाच्या देखणेपणाबद्दलचं मत ५० मिलिसेकंदांत तयार होत होतं. म्हणजे मजकुराचा एक शब्द वाचायच्या आत. ते मत तुम्ही थांबवू शकत नाही, पण त्याला किती किंमत द्यायची हे ठरवू शकता.

अर्थतज्ज्ञ मायकेल स्पेन्स यांनी १९७३ साली मांडलं होतं, की उमेदवाराची खरी कुवत कंपनीला दिसत नाही, म्हणून ती पदवीवरून अंदाज बांधते. पदवी उपयोगी पडते, कारण ती मिळवणं सगळ्यांना सारखं सोपं नसतं. तुम्हीही कंपनीचा अंदाज तिच्या साइटवरून बांधता. पण साइटचं टेम्प्लेट विकत मिळतं आणि एका दिवसात उभं राहतं! बीन बॅगवर बसून हसणाऱ्या मंडळींचा फोटोही बऱ्याचदा विकतचाच. गूगल लेन्सवर टाकून बघा. तीच मंडळी एखाद्या दातांच्या दवाखान्याच्या पानावरही हसताना सापडू शकतील.

म्हणून नक्कल करायला अवघड काय आहे, ते शोधायचं. पहिली जागा म्हणजे पानाचा तळ. भारतात नोंदलेल्या कंपनीने स्वतःच्या वेबसाइटवर नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता आणि सीआयएन हा कंपनीचा २१ अक्षर-अंकी ओळख क्रमांक द्यावा, असं २०१४ च्या नियमांत आहे. तो क्रमांक उचलून कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या साइटवर टाकला, की कंपनी कधी नोंदली आणि चालू आहे का, ते कळतं. मात्र क्रमांकही दुसऱ्याचा चिकटवता येतो, म्हणून नाव आणि पत्ता जुळतोय का बघा. पत्त्याच्या पट्टीतल्या कुलुपावर विसंबू नका. त्याचा अर्थ मधल्या वाटेत माहिती कोणी वाचू शकत नाही एवढाच. पलीकडे कोण बसलंय हे ते सांगत नाही. कुलूप म्हणजे साइट भरवशाची, या गैरसमजामुळेच क्रोमने २०२३ मध्ये ते चिन्ह काढून टाकलं.

सरकारी भरतीत हिशेब उलटा होतो. पान जुनाट, सरकणारी लाल अक्षरं, फोटो २० ते ५० केबीतच हवा (बँक भरतीच्या आयबीपीएस फॉर्मची ही अट पाठच झालेली असते), तरी नोकरी खरी असू शकते. 'जीओव्ही डॉट इन' किंवा 'एनआयसी डॉट इन'ने संपणारा पत्ता खासगी माणसाला मिळत नाही. पण आयबीपीएसचाच पत्ता तसा नाही, तेव्हा अशा संस्थांचा पत्ता जाहिरातीच्या मूळ पीडीएफमधून घ्यावा, टेलिग्रामवरच्या लिंकवरून नव्हे. या परीक्षांना शुल्क असतं, ते ठीक. खासगी कंपनी 'लॅपटॉप डिपॉझिट' मागत असेल तर पान कितीही देखणं असो, टॅब बंद करा.

आता आतली गोष्ट. करिअर पेज बहुधा मार्केटिंगवाले करतात, अर्जाचा फॉर्म मात्र बाहेरून घेतलेल्या सॉफ्टवेअरचा असतो. त्यामुळे 'अप्लाय' दाबल्यावर पत्ता आणि रंगरूप दोन्ही बदलले, वर्कडेसारखं नाव दिसलं, तर लगेच दचकू नका. रेझ्युमे चढवूनही तीच माहिती पुन्हा भरायला लावतात, याचा वैताग सगळ्यांनाच येतो. दोन कॉलमचा रेझ्युमे तिथे बऱ्याचदा विस्कटतो, म्हणून एका कॉलमचा साधा ठेवा.

माझ्या मते नोकरीबद्दल सगळ्यात जास्त सांगतो तो कामाचं वर्णन करणारा मजकूर. ठिकाण नुसतं 'पुणे' की नेमकं 'खराडी, पुणे, दोन शिफ्ट'? ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा बाँड आहे का? 'डायनॅमिक, गो-गेटर' अशा शब्दांखाली रोजचं काम सापडत नसेल, तर ते काम काय हे बहुधा कंपनीचंही ठरलेलं नसतं.

आणि अर्जाचं स्टेटस महिनोन्महिने 'अंडर रिव्ह्यू' दिसलं तर आशा लावून बसू नका. जागा भरली तरी ते बदलायचं राहून जातं. दोन-तीन आठवड्यांनी अर्ज क्रमांकासह लिंक्डइनवर रिक्रूटरला दोन ओळी लिहा. आम्ही त्या वाचतो.