पोलीस पेन्शन: आधी रुजू तारीख बघा, मग नाव

कर्नाटक पोलिसात ३१ मार्च २००६ पर्यंत रुजू झालेले जुन्या पेन्शनमध्ये, १ एप्रिल २००६ पासूनचे एनपीएसमध्ये (राष्ट्रीय पेन्शन योजना). ड्युटी निपाणीत असो की खानापुरात, नियम हाच. कोल्हापूरच्या पाहुण्यांचं ऐकून हिशेब मांडू नका. महाराष्ट्रात ही तारीख १ नोव्हेंबर २००५ आहे. भरतीची अधिसूचना १ एप्रिल २००६ पूर्वीची, पण रुजू नंतर झाले, अशांना जानेवारी २०२४ च्या आदेशाने जुनी पेन्शन निवडायची एकदाच संधी मिळाली. तुम्ही तो पर्याय दिला असेल, तर अर्जाची पोच आणि सर्व्हिस रजिस्टरमधली नोंद, दोन्ही तपासा.

एनपीएसमध्ये तुमचे बेसिक अधिक डीएच्या (महागाई भत्त्याच्या) १० टक्के जातात, सरकार १४ टक्के घालतं. बेसिक आणि डीए मिळून ५०,००० होत असतील तर ५,००० तुमचे, ७,००० सरकारचे. पगारपत्रकात कपात दिसली म्हणजे पैसे प्रान खात्यात (एनपीएसमधलं तुमच्या कायम नंबरचं खातं) पडलेच असं समजू नका. चिकोडीहून बेळगावला बदली झाली, मधला पगार अडकला आणि नंतर एकदम निघाला, की नेमके तेच महिने खात्यात गळतात. दर तीन महिन्यांनी स्टेटमेंट पगारपत्रकाशेजारी ठेवून महिना-महिना टिक करा. फरक दिसला तर महिना आणि रक्कम लिहून पगार काढणाऱ्या अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज द्या, पोच घ्या.

सीमाभागात खरी अडचण नावाची. शाळेचा दाखला मराठी, सर्व्हिस रजिस्टर कन्नड, आधार इंग्रजीत. एकीकडे ‘गणपती परशराम पाटील’, दुसरीकडे ‘पाटील जी. पी.’. बायकोचं नाव माहेरचं एक, सासरचं वेगळं. फॅमिली पेन्शनची वेळ येते तेव्हा दुरुस्ती करायला तुम्ही नसता, ती बिचारी एकटी ऑफिसच्या पायऱ्या झिजवते. म्हणून आत्ताच आधार, बँक पासबुक, प्रान, केजीआयडी (कर्नाटक सरकारी विमा खातं) पॉलिसी आणि सर्व्हिस रजिस्टर समोर मांडा आणि नाव अक्षर-अक्षर जुळवा.

लग्नाआधी आईचं किंवा भावाचं नॉमिनेशन केलं असेल, तर एनपीएसमध्ये ते लग्नानंतर बाद ठरतं. नवीन भराच. ग्रॅच्युइटी आणि केजीआयडीची नॉमिनेशन वेगळी असतात. एक बदललं म्हणून बाकीची आपोआप बदलत नाहीत.

निवृत्ती ६० व्या वर्षी, जन्ममहिन्याच्या शेवटच्या दिवशी. पण जन्म १ तारखेचा असेल तर आदल्या महिन्याच्या शेवटी. आपल्याकडे शाळेत घालताना गुरुजींनी सर्रास १ जून लिहिलेला असतो. त्यांनी ३१ मे धरून चालावं. सेवेतली जन्मतारीख बदलायची तर कर्नाटकच्या १९७४ च्या कायद्याप्रमाणे ती सर्व्हिस रजिस्टरमध्ये नोंदल्यापासून ३ वर्षांच्या आत अर्ज लागतो, त्यानंतर धावपळ करून उपयोग नाही.

महाराष्ट्र पोलिसात जायचं असेल तर नुसता राजीनामा देऊ नका. अर्ज खात्यामार्फत पाठवा आणि परवानगी घेऊनच सेवा सोडा, नाहीतर मागची नोकरी पेन्शनला धरली जात नाही. नव्या ठिकाणी जुनाच प्रान नंबर द्या, दुसरा काढू नका.