गेम शोमध्ये काम करायचंय? आधी न विकले गेलेले पायलट बघा

टीव्हीच्या नॉन-फिक्शनमध्ये (म्हणजे मालिका सोडून गेम शो, रिअ‍ॅलिटी वगैरे) नवीन आलेली मुलं हमखास विचारतात की ताई, गेम शोचा अभ्यास नेमका कसा करायचा, आणि मी दरवेळी हेच सांगते की हिट सीझन नंतर बघा रे, आधी त्याच फॉरमॅटचे, म्हणजे शोच्या ठरलेल्या साच्याचे, पडलेले पायलट शोधा; पायलट म्हणजे चॅनलला शो विकण्यासाठी केलेला नमुना भाग. आपल्याकडे फॉरमॅट विकत घेतला की सोबत बायबल म्हणजे शो कसा करायचा याची नियमावली येते, लाइट कधी पाडायचे, म्युझिक कुठे वाजवायचं सगळं त्यात असतं, पण ते तसंच का हे मला तरी पायलट बघायला लागल्यावरच कळायला लागलं.

सुरुवात 'व्हील ऑफ फॉर्च्युन' या अमेरिकन गेम शोपासून करा. त्याचा निर्माता मर्व्ह ग्रिफिनने १९७३ मध्ये 'शॉपर्स बझार' नावाचा पायलट केला, अक्षरं ओळखायचा तोच खेळ, होस्ट चक वूलरी, पण चाक उभं आणि आपोआप फिरणारं. एनबीसी या अमेरिकन चॅनलने तो घेतला नाही. मग १९७४ चे पायलट आले, होस्ट एड बर्न्स, आणि चाक आडवं केलेलं, खेळाडू स्वतः वाकून, जोर लावून फिरवतो. हे दोन्ही आवाज बंद करून बघा, खरंच बघा. पहिल्यात चाक फिरतंय आणि माणूस नुसता उभा आहे, दुसऱ्यात त्याचं अख्खं अंग खेळतंय, हात सुटला तरी नजर चाकावरच. शो ६ जानेवारी १९७५ ला सुरू झाला तेव्हा होस्ट परत वूलरीच होता, म्हणजे पहिला पायलट होस्टमुळे पडला असं म्हणायची सोयच नाही. मला विचाराल तर सगळा फरक खेळाडूच्या हातात काय दिलं त्याचा आहे.

दुसरा फॉरमॅट 'पिरॅमिड', निर्माता बॉब स्टुअर्टचा, १९७३ पासूनचा, यात एकाने क्लू द्यायचे आणि जोडीदाराने शब्द ओळखायचे. होस्ट डिक क्लार्क होता त्या जुन्या शोमध्ये ३० सेकंदांत सात शब्द ओळखायचे, २००२ च्या डॉनी ऑस्मंड होस्ट असलेल्यात २० सेकंदांत सहा. (हा विकला गेलेला शो आहे, पण तुलनेला फार उपयोगी.) भागाकार करा, एका शब्दाला सव्वाचार सेकंद मिळायचे ते सव्वातीनच्या आसपास आले, आणि तेवढ्यात क्लू देणाऱ्याला विचार करायला, चुकून हसायला वेळच उरत नाही. मजा तिथेच होती ना!

याच 'पिरॅमिड'चे सीबीएस या दुसऱ्या अमेरिकन चॅनलसाठी २००९ आणि २०१० मध्ये पुन्हा पायलट झाले, २०१० च्याचा होस्ट अँडी रिक्टर. दोन्ही वेळा दुपारच्या मालिकेची रिकामी होणारी वेळ, म्हणजे स्लॉट, मिळवायचा होता. २००९ मध्ये 'गायडिंग लाइट' मालिका संपली, तो स्लॉट 'लेट्स मेक अ डील'ला गेला, पुढच्या वर्षी 'अॅज द वर्ल्ड टर्न्स'च्या जागी 'द टॉक' आला. त्यामुळे पायलट विकला गेला नाही म्हणून तो वाईटच असं लगेच लिहू नका, त्या वेळी स्लॉट कोणता होता, समोर कोण होतं, हे आधी बघा आणि मगच खेळाच्या चुका काढा.

वहीत फार काही लिहायची गरज नाही, पहिला डाव कितव्या मिनिटाला सुरू झाला, निर्णय कोण घेतंय, नियम सांगण्यात किती वेळ गेला, बस. इंटरव्ह्यूला जाताना असं दोन पायलटच्या तुलनेचं एक पान घेऊन जा, मी समोर बसलेली असले तर शोरीलच्या (तुमच्या कामाच्या व्हिडिओच्या) आधी तेच वाचेन.