रत्नागिरी बघायची कशी? जाता जाता नाही, मुक्काम करून

दिवाळीची सुट्टी जवळ आली की मला हमखास कुणीतरी विचारतं, "आम्ही गणपतीपुळ्याला चाललोय गं, जाता जाता रत्नागिरीत काय बघू?" माझं माहेर रत्नागिरीचं, त्यामुळे ते "जाता जाता" मला दरवेळी लागतं. दोन तासात थिबा पॅलेस, टिळकांचं घर, मांडवीला एक भेळ आणि निघाले पुढे, असं लोक करतात आणि मग म्हणतात रत्नागिरीत तसं काही बघण्यासारखं नाही. म्हणून एकदाच नीट लिहून ठेवते. माझं म्हणणं सरळ आहे, उलटं करा. मुक्काम रत्नागिरी शहरात ठेवा, तीन रात्री तरी, आणि गणपतीपुळ्याला इथून एक दिवस जाऊन या. आणि दुसरं, ठिकाणांची यादी करून एकामागून एक टिकमार्क करत सुटू नका, दिवस उन्हाप्रमाणे लावा. इथलं ऊन आणि दमट हवा अशी असते की दुपारी बारा ते साडेतीन तुम्ही किल्ल्यावर चढलात तर बाकीचा दिवस गेला म्हणून समजा. आमच्याकडे घरचे लोकसुद्धा त्या वेळात पडवीत आडवे होतात.

आधी यायचं कसं. मुंबईहून गाडी घेऊन येणार असाल तर साधारण ३४० किलोमीटर पडतं, पण माझं मत विचाराल तर ट्रेनने या. कोकण रेल्वेचा प्रवास हाच सहलीचा अर्धा भाग आहे. उक्षी सोडलं की करबुडेचा बोगदा लागतो, साडेसहा किलोमीटर लांब, आम्ही लहानपणी तो संपेपर्यंत श्वास धरायची पैज लावायचो आणि कुणालाच जमायचं नाही. जनशताब्दी, मांडवी, तेजस, वंदे भारत अशा दिवसाच्या गाड्या आहेत, रात्री निघायचं तर कोकणकन्या. रिझर्वेशन ६० दिवस आधी उघडतं आणि गणपती, दिवाळी, मे महिना या दिवसातलं तिकीट हवं असेल तर उघडल्या उघडल्या काढा, नंतर वेटिंगच दिसणार. स्टेशन शहराच्या बाहेर आहे, रिक्षा करावी लागते, भाडं बसायच्या आधी विचारून घ्या. कोल्हापूर सांगलीकडून येणार असाल तर आंबा घाटातून रस्ता आहे.

कधी यायचं? ऑक्टोबर अखेर ते फेब्रुवारी सगळ्यात सोयीचं. मे मध्ये घामाच्या धारा लागतात पण हापूस असतो, त्यामुळे तो सौदा ज्याचा त्याने करावा. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, जून-जुलैत मासेमारी बंद म्हणून ताजी मासळी कमी, पण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या माळावर, जी फुलं येतात, निळी जांभळी सीतेची आसवं वगैरे, ती ज्याने पाहिली तो पुन्हा येतोच.

पहिला दिवस. दुपारपर्यंत पोचाल, जेवा, झोपा. चारच्या सुमाराला रत्नदुर्गाकडे निघा, सगळे त्याला भगवतीचा किल्लाच म्हणतात. घोड्याच्या नालेसारखा आकार आणि तीन बाजूंनी समुद्र. गाडी वरपर्यंत जाते त्यामुळे आजीआजोबांनाही नेता येतं. देवळात जाऊन आलात की लगेच परत फिरू नका, तटावरून चालत बुरुजापर्यंत जा. तिथून एका नजरेत मिरकरवाडा बंदर, त्यातल्या रंगीत होड्या आणि शहराच्या दोन्ही बाजूंचे समुद्र दिसतात. मांडवीच्या बाजूची वाळू काळी म्हणून तो काळा समुद्र, आणि किल्ल्याच्या उत्तरेला आहे तो पांढरा समुद्र. आम्ही घरी असंच म्हणतो, "आज काळ्यावर जाऊया की पांढऱ्यावर?" सूर्यास्त किल्ल्यावरूनच बघा. तटाच्या कडेला लहान मुलांचा हात सोडू नका, काही ठिकाणी कठडा नाही आणि खाली सरळ समुद्र आहे.

दुसरा दिवस शहराचा. सकाळी उठवत असेल तर मिरकरवाड्याला जा, होड्या लागलेल्या असतात, लिलाव चालू असतो, वास येतो हे खरं पण सुरमई, बांगडा, पापलेट, कोळंबी अशा ढिगांनी कधी बघायला मिळणार? कामाच्या मधे मधे उभं राहू नका आणि बायकांचे फोटो न विचारता काढू नका. नंतर आंघोळ नाश्ता करून टिळक आळीत या. लोकमान्यांचा जन्म २३ जुलै १८५६ ला इथे झाला आणि वयाच्या दहाव्या वर्षापर्यंत ते रत्नागिरीत होते. घर बघताना फक्त फोटो आणि फलक वाचू नका, घराकडेच बघा. जांभ्या दगडाच्या भिंती, उतरती कौलं, आत शिरल्यावर लागणारा गारवा, जुनं कोकणी घर कसं असायचं ते इथे कळतं. जवळच पतितपावन मंदिर आहे. सावरकर १९२४ ते १९३७ रत्नागिरीत स्थानबद्ध होते, त्या काळात भागोजीशेठ कीरांनी स्वतःचा पैसा घालून हे मंदिर उभं केलं, १९३१ मध्ये, आणि पहिल्या दिवसापासून सगळ्या जातींना गाभाऱ्यापर्यंत प्रवेश. त्या काळात हे काय धाडस होतं याची कल्पना करा. पाच मिनिटात बघून होतं म्हणून लोक टाळतात, टाळू नका.

मग ऊन चढायच्या आत थिबा पॅलेस. आणि इथे मला जरा जास्त बोलू द्या. थिबा हा ब्रह्मदेशाचा, म्हणजे आजच्या म्यानमारचा, शेवटचा राजा. १८८५ मध्ये इंग्रजांनी मंडालेचं राज्य घेतलं, राजाराणीला बोटीत घालून आधी मद्रासला आणि १८८६ मध्ये रत्नागिरीला आणून ठेवलं, तेव्हा तो जेमतेम सत्तावीस वर्षांचा होता. हा राजवाडा बांधून तयार झाला १९१० मध्ये, म्हणजे जवळजवळ पंचवीस वर्षं कैदेत काढल्यावर, आणि १९१६ मध्ये तो इथेच गेला. आमच्या पिढीपर्यंत आजीच्या तोंडी "थिबाराजा" असा गावातल्या माणसासारखा उल्लेख असायचा. आणि गंमत बघा, नाही, गंमत कसली, वाईटच वाटतं, दिल्लीच्या बहादूरशाह जफरला इंग्रजांनी रंगूनला नेऊन ठेवलं आणि ब्रह्मदेशाच्या राजाला आपल्याकडे आणलं, दोघांनाही मरेपर्यंत घर दिसलं नाही. हे डोक्यात ठेवून राजवाड्यात शिरा म्हणजे ती अर्धगोल लाकडी खिडक्यांची कमान, रंगीत काचा, मागच्या बाजूची बुद्धमूर्ती, सगळं वेगळं दिसायला लागतं. आत संग्रहालय आहे, सोमवारी बंद असतं त्यामुळे हा दिवस सोमवारी पडणार नाही असं बघा. राजवाडा झाला की त्याची समाधीही बघा, शिवाजीनगर भागात आहे, रिक्षावाल्याला "थिबाराजाची समाधी" सांगितलं की कळतं. नव्वद टक्के पर्यटक तिकडे फिरकत नाहीत. २०१२ च्या डिसेंबरमध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन खास तिथे येऊन गेले होते आणि आपण शेजारून गाडी काढून पुळ्याला जातो.

दुपारी जेवण. मासे खात असाल तर सुरमईचं किंवा बांगड्याचं ताट, सोलकढी, तांदळाची भाकरी. शाकाहारी लोकांनी खानावळीत ओल्या काजूंची उसळ आहे का विचारावं, मार्च-एप्रिलला मिळते, आणि सकाळी घावणे किंवा आंबोळी. मोदक आधी सांगून ठेवले तर गरम मिळतात, आयत्या वेळी मागितले तर सकाळचे मिळतात. दुपारी उन्हात काही करायचंच असेल तर सागरी जीवशास्त्र संशोधन केंद्राचं मत्स्यालय आहे, तिथला देवमाशाचा सांगाडा बघून मुलं खूश होतात. संध्याकाळी थिबा पॉईंट, खाली भाट्याची खाडी, काजळी नदी समुद्राला मिळते ती जागा, आणि समोर पूल. तिथून उतरून भाट्ये बीचवर सुरूच्या बनात चालायला जा, मांडवीला गर्दी असते तेव्हा इथे निवांत असतं.

तिसऱ्या दिवशी पुळे, पण हायवेने नाही. आरे-वारे मार्गाने जा, साधारण २५ किलोमीटर, सकाळी लवकर. आरे-वारेच्या चढावर गाडी थांबवलीत की डाव्या हाताला जो समुद्र दिसतो त्यासाठी मी वेगळं काही लिहीत नाही. फक्त पाण्यात उतरू नका. हे मी अगदी कळकळीने सांगतेय, आरे-वारे असो की गणपतीपुळे, इथला तळ एकदम खोल होतो आणि परतणारी लाट पायाखालची वाळू ओढते, पट्टीचे पोहणारेही फसतात. गुडघाभर पाण्याच्या पुढे नाही, ओहोटी चालू असताना अजिबात नाही, आणि स्थानिक माणूस शिट्टी मारून बाहेर बोलवत असेल तर वाद न घालता बाहेर या. अमावस्या पौर्णिमेला भरती मोठी असते हेही लक्षात असू द्या.

पुळ्याला देवळामागचा अख्खा डोंगर हाच गणपती मानतात, त्यामुळे प्रदक्षिणा डोंगराभोवती घालायची असते, साधारण एक किलोमीटर, फरसबंद वाट आहे. चप्पल काढून घालणार असाल तर सकाळीच, दहानंतर दगड तापतात. बऱ्याच जणांना माहीत नसतं की पावसजवळ गणेशगुळे म्हणून गाव आहे, आणि आमच्याकडे म्हणतात की गुळ्याचा गणपती पुळ्याला गेला. पुळ्याहून मालगुंडला जा, अगदी जवळ आहे. केशवसुतांचं जन्मगाव. घर छान जपलंय, स्मारक १९९४ मध्ये कुसुमाग्रजांच्या हस्ते झालं, अंगणात कविता लावल्यात त्या मुलांकडून मोठ्याने वाचून घ्या. दादरहून सावंतवाडीला जाणारी तुतारी एक्सप्रेस त्यांच्याच कवितेच्या नावावरून आहे हे सांगितलं की मुलं लगेच ऐकायला लागतात. वेळ उरला तर पुढे जयगड, शास्त्री नदीच्या मुखावरचा किल्ला, आणि समुद्राला लागून असलेलं कऱ्हाटेश्वर. गुहागरला जायचं असेल तर जयगडहून तवसाळला फेरीबोट आहे, गाडीसकट पलीकडे.

चौथा दिवस मिळाला तर दक्षिणेला जा, आणि माझा आवडता रस्ता हाच. भाट्याचा पूल ओलांडून पावस, स्वामी स्वरूपानंदांचं समाधी मंदिर, तिथे गेल्यावर आवाज आपोआप खाली येतो. पुढे पूर्णगड, छोटासा किल्ला, अर्ध्या तासात बघून होतो, मुचकुंदी नदी समुद्राला मिळताना दिसते. मग कशेळी. इथलं कनकादित्य हे सूर्याचं देऊळ, अशी देवळं आपल्याकडे फार थोडी. मूर्ती घेऊन निघालेलं जहाज कशेळीजवळ अडलं, मग मूर्ती किनाऱ्यावरच्या गुहेत ठेवली आणि कनका नावाच्या बाईच्या स्वप्नात देव आला, अशी गोष्ट सांगतात.

आणि कशेळीच्या सड्यावर कातळशिल्पं आहेत. जांभ्याच्या उघड्या कातळात कोरलेली चित्रं, इथे एक भलामोठा हत्ती आहे आणि त्याच्या पोटात इतर प्राणी कोरलेत. जिल्ह्यात उक्षी, जांभरूण, देवीहसोळ, बारसू, रुंढे तळी, देवाचे गोठणे अशा ठिकाणी ती आहेत, २०२२ मध्ये कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. काही चित्रांमध्ये गेंड्यासारखे प्राणी आहेत जे आज कोकणात कुठेच नाहीत, यावरून ती किती जुनी असतील बघा, अभ्यासक हजारो वर्षं मागे जातात. देवाचे गोठणेला चित्रावर होकायंत्र ठेवलं तर काटा चुकीची दिशा दाखवतो, नक्की करून बघा. एकच दिवस असेल आणि दक्षिणेला जमणार नसेल तर उक्षी करा, तिथे भोवती भिंत बांधलीय आणि वरून बघायची सोय आहे.

जाताना गावातला माणूस बरोबर घ्या, त्याला त्याचे पैसे द्या, सड्यावर खुणा नसतात आणि चुकायला होतं. टोपी आणि पाणी भरपूर, कारण झाड म्हणून नाही. चित्राजवळ चपला काढा, रेघांवर पाय देऊ नका, आणि फोटोत नीट दिसावं म्हणून रेघांमध्ये खडू, रांगोळी, चुना भरू नका, मी स्वतः असं भरलेलं पाहिलंय आणि अंगावर काटा आला. त्याची गरजही नसते. सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर पोचा, ऊन तिरपं पडलं की रेघेच्या एका कडेला सावली धरते आणि पाच मिनिटांपूर्वी नुसता काळपट कातळ होता तिथे हत्तीची सोंड दिसायला लागते.