आभासी बेसबॉल लीगची बखर लिहिताना या चुका टाळा

सहाव्या हंगामाचा वृत्तान्त लिहायला बसावे आणि पहिल्या हंगामाचे अजिंक्यपद कोणाच्या फटक्यावर ठरले, हेच कुठे सापडू नये, असा प्रसंग फाशांवर किंवा संगणकावर काल्पनिक बेसबॉल लीग चालवणाऱ्या बहुतेकांवर केव्हा ना केव्हा येतो. विजेत्या संघाचे नाव, जिंकलेल्या आणि हरलेल्या सामन्यांची संख्या आणि पुरस्कारांची यादी शिल्लक असते. तो सामना मात्र गेलेला असतो.

हा छंद नवा नाही. अमेरिकन कादंबरीकार जॅक केरुॲकने लहानपणीच स्वतःची बेसबॉल लीग रचली होती. तिच्यात मोटारींच्या नावांचे संघ होते, आणि तिच्या बातम्या व आकडे तो मोठेपणीही हाताने लिहीत राहिला. पत्ते आणि फासे यांवर चालणारा स्ट्रॅट-ओ-मॅटिक १९६१ मध्ये बाजारात आला. संगणकावर हेच काम आज ‘आउट ऑफ द पार्क बेसबॉल’सारखे खेळ करतात, आणि ते काल्पनिक खेळाडूंची संपूर्ण लीग उभी करून तिचे दशकेच्या दशके हंगाम खेळवतात. साधन कोणतेही असो, लिहिणाऱ्याची दोन कामे वेगळी असतात, आणि त्यांच्यासाठी मराठीत नेमके शब्द आधीपासून आहेत : शकावली आणि बखर. शकावलीत तिथीवार नोंद असते, बखरीत कथन असते. माझ्या पाहण्यात आलेल्या बहुतेक फसलेल्या इतिवृत्तांचे मूळ हेच, की लेखकाने शकावली न मांडताच बखर लिहायला घेतली होती.

हंगाम संपला, नोंदी गेल्या

संगणकीय खेळ हंगामाची गोळाबेरीज जपतात, परंतु प्रत्येक सामन्याचा बॉक्स स्कोअर (खेळाडूवार आकड्यांचा तक्ता) आणि चेंडूगणिक वृत्तान्त फार जागा खातात, त्यामुळे ते किती काळ ठेवायचे हे बहुधा सेटिंगवर अवलंबून असते. पहिली चूक ही सेटिंग न पाहताच पुढच्या हंगामात शिरण्याची. यावर उपाय कंटाळवाणा, पण खात्रीचा आहे. अंतिम मालिका संपताच आणि पुढच्या वर्षाचे बटण दाबण्याआधी क्रमवारीचे तक्ते, खेळाडूंचे आकडे, व्यवहारांची यादी आणि प्लेऑफमधील प्रत्येक सामन्याचा बॉक्स स्कोअर खेळाच्या बाहेर, सीएसव्ही किंवा साध्या मजकुराच्या फाइलमध्ये उतरवून ठेवावा. ज्याला सगळे सामने ठेवणे शक्य नाही त्याने निदान दर महिन्यातले चारपाच सामने निवडून ठेवावेत, आणि तेही निकाल ताजा असताना, कारण कोणता सामना पुढे महत्त्वाचा ठरेल हे त्या वेळी कोणालाच ठाऊक नसते.

जालावर चालणाऱ्या लीगबाबत ही काळजी दुप्पट घ्यावी. ब्लेसबॉल हा विक्षिप्त आभासी बेसबॉल खेळ २०२० मध्ये सुरू झाला. तासाला एक सामना, आठवड्याला एक हंगाम अशी त्याची गती होती, आणि २०२३ मध्ये तो बंद झाला. त्याचे तपशील आज वाचायला मिळतात ते चाहत्यांच्या एका गटाने खेळ चालू असतानाच त्याचा सारा प्रवाह साठवून ठेवला म्हणून.

याच्याशी जोडलेली दुसरी अडचण अधिक फसवी असते. संघ हरला म्हणून किंवा मोठा खेळाडू जखमी झाला म्हणून जुनी सेव्ह फाइल उघडून तोच महिना पुन्हा खेळवला, तर लीगचे दोन इतिहास तयार होतात. माझ्या स्वतःच्या लीगच्या एका हंगामात असे घडले : मे महिन्याचा मजकूर एका शाखेतला होता आणि क्रमवारीचा तक्ता दुसऱ्या शाखेतला, आणि वृत्तान्तात ज्या पिचरचा खांदा निखळला होता तो तक्त्यात जूनभर चेंडू फेकत होता. पुन्हा खेळवणे हे काही पाप नव्हे, लीग तुमचीच आहे. पण पुन्हा खेळवायचे असेल तर त्या तारखेनंतरच्या सर्व टिपा रद्द म्हणून बाजूला काढाव्यात, आणि प्रत्येक प्रतीच्या नावात हंगाम, लीगमधील तारीख आणि शाखेचा क्रमांक लिहावा.

बेरजा जिथे चुकतात

सर्वात जास्त चुका पिचरच्या, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याच्या, इनिंगमध्ये होतात. इनिंग म्हणजे तीन जण बाद होईपर्यंतचा डाव. ६.२ याचा अर्थ सहा पूर्णांक दोन दशांश नव्हे, तर सहा इनिंग आणि वर दोन बाद. स्प्रेडशीटला हे कळत नाही. ६.२ आणि ६.२ यांची बेरीज ती १२.४ अशी दाखवते. खरे उत्तर १३.१ आहे. म्हणून इनिंग कधीच साठवू नयेत, बाद केलेल्यांची संख्या साठवावी : २० आणि २० मिळून ४०, आणि ४० ला तीनने भागले की तेरा इनिंग आणि एक बाद. ईआरए (पिचरच्या खात्यावर लागणाऱ्या धावांची नऊ इनिंगमागची सरासरी) काढताना हीच संख्या वापरावी, म्हणजे कारकिर्दीच्या बेरजेत चूक साचत जात नाही.

दुसरी चूक सरासरींची सरासरी काढण्याची. एखाद्या फलंदाजाने एका हंगामात २० ॲट-बॅटमध्ये (फुकट बेस मिळालेल्या वगैरे सोडून मोजलेल्या फलंदाजीच्या पाळ्यांत) ८ हिट (फटका मारून सुखरूप बेस, म्हणजे धावपटूचा टप्पा, गाठणे) घेतले, म्हणजे ०.४००, आणि पुढच्या हंगामात ४८० मध्ये १२०, म्हणजे ०.२५०, या दोहोंची सरासरी ०.३२५ नसून ५०० मध्ये १२८ म्हणजे ०.२५६ आहे. हे समोर मांडले की सर्वांना पटते, तरीही कारकिर्दीचा आढावा लिहिताना ही चूक वारंवार होते. तसेच फलंदाजीच्या अग्रक्रमाची यादी देताना पात्रतेची अट विसरली जाते. अमेरिकेतील अव्वल व्यावसायिक मेजर लीगमध्ये संघाच्या प्रत्येक सामन्यामागे ३.१ प्लेट अपिअरन्स (फलंदाजीच्या सर्व पाळ्या) लागतात, म्हणून १६२ सामन्यांच्या हंगामात ही अट ५०२ ची होते; तुमची लीग १४० सामन्यांची असेल तर ती ४३४ वर आणली पाहिजे, नाहीतर आपल्याच विजेत्याला आपण अपात्र ठरवून बसतो.

फासे टाकून, हाताने नोंद करणाऱ्यांसाठी एक जुनी आणि सुंदर तपासणी आहे. एका संघाच्या सर्व प्लेट अपिअरन्स या त्या संघाच्या धावा, बेसवर अडकून राहिलेले खेळाडू आणि बाद झालेले खेळाडू यांच्या बेरजेइतक्या असल्याच पाहिजेत. ३८ जण फलंदाजीला आले, ४ धावा झाल्या, ७ जण अडकले, २७ बाद झाले : हिशेब जुळला. जुळला नाही तर बॉक्स स्कोअरमध्ये चूक आहे, आणि ती त्याच रात्री शोधणे सोपे जाते. एक अपवाद मात्र ध्यानात ठेवावा. २०२० पासून मेजर लीगच्या साखळी सामन्यांत जादा इनिंगच्या आरंभी दुसऱ्या बेसवर एक धावपटू आयताच उभा केला जातो. तुमच्या लीगमध्ये हा नियम लागू असेल तर हा धावपटू प्लेट अपिअरन्सशिवाय आलेला असल्याने बेरीज तेवढ्याने जास्त भरते, आणि नसलेली चूक शोधण्यात तास जातो.

लीगच्या पातळीवरही अशाच बेरजा कराव्यात : सर्व संघांचे विजय आणि पराभव सारखे, फलंदाजांचे होम रन (ज्या फटक्यावर फलंदाज सर्व बेस फिरून धाव काढतो) आणि पिचरांनी दिलेले होम रन सारखे. एवढे करूनही जुनी चूक सापडलीच, तर ती गुपचूप पुसू नये. दुरुस्तीची तारीख आणि कारण लिहून तिची वेगळी नोंद करावी. खऱ्या बेसबॉललाही हे सुटलेले नाही. १९१० मध्ये प्रसिद्ध फलंदाज टाय कॉबचा एक सामना नोंदवहीत दोनदा चढला आणि त्याच्या नावावर दोन हिट जास्त लागले; ते उघडकीला येईपर्यंत सुमारे सात दशके गेली. त्याच्या कारकिर्दीतील हिटचा अधिकृत आकडा ४,१९१ असाच राहिला, १९८५ मध्ये पीट रोझने तोच आकडा ओलांडला, आणि काही मान्यवर संदर्भ आजही कॉबच्या नावावर ४,१८९ हिट देतात.

फाशाला स्वभाव नसतो

आकडे नीट जमवलेले लोकही इथे घसरतात. एखादा संघ ९३ सामने जिंकला की लिहिणारा लगेच त्याच्यात जिद्द, एकोपा आणि नव्या व्यवस्थापकाची शिस्त शोधू लागतो. आधी त्या संघाच्या धावा पाहाव्यात. बेसबॉलचा आकडेतज्ज्ञ बिल जेम्स याच्या प्रसिद्ध सूत्रानुसार काढलेल्या धावांच्या वर्गाला, काढलेल्या आणि दिलेल्या धावांच्या वर्गांच्या बेरजेने भागले की अपेक्षित विजयांचे प्रमाण मिळते. ७२० धावा काढून ७०० देणाऱ्या संघाचे हे प्रमाण ०.५१४, म्हणजे १६२ सामन्यांत ८३ विजय. वरचे दहा विजय कुठून आले, याचे उत्तर बहुतेक वेळा एका धावेच्या फरकाने जिंकलेल्या सामन्यांत सापडते, आणि तीच त्या हंगामाची खरी गोष्ट असते : हा संघ वरचढ नव्हता, नशीबवान होता, आणि पुढच्या वर्षी तो ८१ वर आला तर त्यात कोणाचेही अधःपतन शोधण्याचे कारण नाही.

नाणे उडवून १६२ सामन्यांचे निकाल लावले तरी तीनपैकी सुमारे दोन हंगामांत विजयांची संख्या ७५ ते ८७ च्या दरम्यान येईल आणि उरलेल्या एकात ती त्याबाहेर जाईल. फलंदाजाची खरी ताकद ०.३०० ची असली तरी ५०० ॲट-बॅटच्या हंगामात ०.२८० आणि ०.३२० हे दोन्ही आकडे अगदी सामान्य आहेत. सिम्युलेशनच्या पोटात अशीच संभाव्यता असते; तिथे ‘फॉर्म हरवला’ हे वाक्य लिहिण्याआधी खेळाडूचे गुणांकन खरोखर खाली आले आहे का, त्याला दुखापत झाली आहे का, त्याच्या संघाचे मैदान बदलले आहे का, हे तपासता येते. खऱ्या बेसबॉलच्या वार्ताहराला अशी सोय नाही. आपल्याला ती असताना न वापरणे हा आळस आहे.

मग कल्पनाशक्तीला जागाच नाही काय? भरपूर आहे, पण ती कुठे वापरली हे वाचकाला ओळखू आले पाहिजे. लीगमधल्या काल्पनिक वृत्तपत्राच्या तोंडून तुम्ही ड्रेसिंग रूममधले भांडण लिहू शकता, चाहत्यांच्या अफवा लिहू शकता, चुकीचे भाकीतही करू शकता, वार्ताहर चुकतातच. तेच भांडण हंगामाच्या मुख्य नोंदीत पराभवाचे कारण म्हणून घातले की दहा वर्षांनी तुम्हालाच ते खरे वाटू लागते आणि मग पुढचे निकाल त्याला जुळवून सांगितले जातात.

पश्चातबुद्धीचा दोष याच जातीचा. पुढे महान ठरलेल्या खेळाडूच्या पहिल्या हंगामात लेखकाला सर्वत्र शुभचिन्हे दिसतात, जरी त्या वर्षी त्याने ०.२३१ ची सरासरी राखली असेल आणि ऑगस्टमध्ये त्याला खालच्या लीगमध्ये पाठवले असेल. यावर एकच उपाय मला लागू पडलेला दिसतो : लीगमधील दर महिन्याच्या अखेरीस दीडदोनशे शब्दांची टीप लिहावी, तिच्यावर तारीख घालावी आणि नंतर तिला हात लावू नये. त्या टिपांमधली चुकलेली भाकिते हाच पुढे इतिवृत्ताचा सर्वांत वाचनीय भाग ठरतो.

नियम बदलले, पण लिहून ठेवले नाही

१९६८ मध्ये पिचरांचा इतका वरचष्मा झाला की मेजर लीगच्या दोन शाखांपैकी एक असलेल्या अमेरिकन लीगमध्ये ०.३०१ ची सरासरी पहिल्या क्रमांकाला पुरली. १९६९ साठी पिचरचा उंचवटा १५ इंचांवरून १० इंचांवर आणला गेला. हे ठाऊक असल्याशिवाय त्या दोन वर्षांचे आकडे शेजारी ठेवता येत नाहीत. आभासी लीगमध्ये असे बदल तुम्ही स्वतः एका खिडकीत दोन आकडे बदलून करता, आणि आकडेवारीच्या पानावर त्यांचा मागमूस राहत नाही. होम रनचे प्रमाण, नियुक्त फलंदाजाचा (पिचरऐवजी फलंदाजी करणाऱ्याचा) नियम, सामन्यांची संख्या, नवे संघ, खेळाची नवी आवृत्ती : यांपैकी काहीही बदलले की त्याची नोंद हंगामाच्या पहिल्याच पानावर हवी. नवी आवृत्ती हंगामाच्या मधोमध घेऊ नये, कारण मग जुलैनंतर होम रन वाढले ते फलंदाजांमुळे की नव्या आवृत्तीमुळे, हे कोणालाच सांगता येत नाही.

मराठीत लिहिताना

आपला वाचक क्रिकेटवर वाढलेला असतो, आणि ०.३०० ही सरासरी पाहून त्याला हा खेळाडू अगदीच सुमार असावा असे वाटते. क्रिकेटमध्ये धावांना बाद होण्याने भागतात, इथे हिटना ॲट-बॅटने भागतात, हे एकदा पहिल्या प्रकरणात सांगून टाकावे. होम रनला षटकार म्हणण्याचा मोह आवरावा, कारण बेसवर तीन धावपटू असताना त्यावर चार धावा होतात आणि कोणी नसताना एकच; धाव, फलंदाज, बाद हे शब्द मात्र निर्धास्त वापरावेत. पिचरला गोलंदाज म्हटले तर अर्थ बिघडत नाही, पण रिलीव्हर (मध्येच उतरणारा पिचर) आणि क्लोझर (सामना संपवणारा पिचर) आले की मराठी शब्दांची ओढाताण सुरू होते, म्हणून मी पिचरच लिहितो.

नावांचा घोळ त्याहून त्रासदायक. संगणक इंग्रजी नावे तयार करतो आणि आपण ती देवनागरीत लिहितो. पहिल्या हंगामातला जॉन्सन तिसऱ्यात जॉनसन होतो आणि शोध घेतला तर त्याची अर्धी कारकीर्दच सापडते. त्यात एकाच नावाचे दोन खेळाडू हमखास निघतात. प्रत्येक खेळाडूला खेळाने दिलेला ओळख क्रमांक, त्यापुढे ठरवलेले देवनागरी रूप आणि पदार्पणाचे वर्ष अशी तीन रकान्यांची यादी पहिल्या दिवसापासून ठेवावी, आणि नवा खेळाडू मजकुरात येण्याआधी या यादीत यावा.