दुर्मिळ इटालियन आडनावाचं मूळ शोधताय? ‘बेर्गोल्यो’च्या निमित्ताने सांगतो, या चुका टाळा

इटालियन शिकायला लागल्यापासून मला आडनावांचा नाद लागला, त्यातही दुर्मिळ आडनावांचा. रॉस्सी किंवा फेर्रारी आडनावाचा माणूस कुठला, हे नुसत्या आडनावावरून कोणी सांगू शकणार नाही. ती नावं इटलीभर विखुरलेली आहेत. दुर्मिळ आडनाव मात्र एखाद्या खोऱ्याला, कधी कधी एखाद्या टेकडीला धरून असतं. त्यामुळे काम सोपं वाटतं, माणूस घाई करतो आणि चुकतो.

उदाहरणासाठी मी बेर्गोल्यो हे आडनाव घेतो. पोप फ्रान्सिस यांचं हे आडनाव. १३ मार्च २०१३ला ते पोप झाले तेव्हा आपल्याकडे ते ‘बर्गोग्लिओ’ असंही लिहिलं गेलं, पण इटालियनमध्ये त्यातला दुसरा ‘ग’ उच्चारत नाहीत. पुढे ‘ल्य’ येतो, एवढंच तो सांगतो. या घराण्याच्या बऱ्याच नोंदी जाहीर झालेल्या आहेत, त्यामुळे कुठे पाय घसरतो ते नीट दाखवता येतं.

सर्वांत गडद ठिपका म्हणजे मूळ गाव नव्हे

आडनाव टाकलं की इटलीचा नकाशा रंगवून देणारी संकेतस्थळं आहेत. बेर्गोल्यो टाका. रंग वायव्येला पिएमोंते प्रांतात गोळा होतो आणि तुरिन शहर उठून दिसतं. लगेच निष्कर्ष निघतो की हे तुरिनचं आडनाव. हा निष्कर्ष चुकीचा आहे. तुरिन हे कारखान्यांचं शहर. आजूबाजूच्या खेड्यांतली माणसं पोटासाठी तिथे आली आणि विसाव्या शतकात दक्षिण इटलीतूनही रीघ लागली. मोठ्या शहरात प्रत्येकच आडनावाचा आकडा फुगतो. म्हणून नुसता आकडा न बघता, त्या गावच्या एकूण वस्तीत हे आडनाव लावणारी घरं किती, ते बघा. दोन हजार वस्तीच्या गावातली दहा घरं शहरातल्या शंभर घरांपेक्षा जास्त बोलतात.

आणखी एक गोष्ट. असे बरेच नकाशे मुळात टेलिफोन डिरेक्टरीवरून बनले. त्यात मोजली गेली ती माणसं नव्हेत, लँडलाइनची कनेक्शनं. मोबाइल आल्यावर तीही घटली. शिवाय मुलगी लग्नानंतर कागदोपत्री माहेरचंच आडनाव लावत असली, तरी तिची मुलं २०२२पर्यंत बापाचंच लावत आली, त्यामुळे तिची शाखा पुढच्याच पिढीत नकाशावरून पुसली जाते. नोव्हेंबर २०२२मध्ये पोप पिएमोंतेतल्या आस्ती शहराजवळच्या पोर्ताकोमारो गावी नात्यातल्या एका बहिणीच्या नव्वदाव्या वाढदिवसाला गेले होते. तिचं आडनाव बेर्गोल्यो नव्हतं. म्हणजे नात्यातला गोतावळा त्या गावात असूनही आडनावाच्या नकाशाला त्याचा पत्ता नाही.

गाव सापडत नाही म्हणून अर्थ बनवू नका

हे मी जरा सविस्तर सांगतो, कारण इथे फार गमती केल्या जातात. ‘बेर्ग’ म्हणजे जर्मनमध्ये डोंगर आणि ‘ओलिओ’ म्हणजे इटालियनमध्ये तेल, तेव्हा हे डोंगरावरचे तेली, असली फोड वाचून लोक खूश होतात. तेलाच्या स्पेलिंगमध्ये ‘ल’च्या आधी ‘ग’ नाही, इथे आहे. तेवढ्यावरच ही फोड बाद होते. दुसरे काही जण नकाशात शोधतात आणि त्यांना लांगे टेकड्यांमध्ये बेर्गोलो नावाचं चिमुकलं दगडी गाव सापडतं. ते सुंदर आहे, पिएमोंतेतच आहे, पण नावाच्या साम्यावरून जोडलेला हा बादरायण संबंध आहे.

या आडनावाचा उगम साधारणपणे वेगळ्या ठिकाणी धरला जातो. तानारो नदीच्या डाव्या तीरावर बेर्गोल्यो नावाची वस्ती होती. बोर्गोल्यो असंही तिचं नाव लिहिलेलं आढळतं. ११६८मध्ये आसपासच्या वस्त्या एकत्र येऊन एक नवं शहर उभं राहिलं, त्यांतली ही एक. त्या शहराचं नाव अलेस्सांद्रिया, तिसऱ्या अलेक्झांडर पोपच्या सन्मानार्थ ठेवलेलं. पोपच्या नावाच्या शहरातल्या एका पेठेचं नाव साडेआठशे वर्षांनी एका पोपचं आडनाव म्हणून जगभर पोहोचलं, याचं मला अजून नवल वाटतं.

मग ही पेठ आज नकाशावर का नाही? अठराव्या शतकात साव्हॉय राजघराण्याने तिथे किल्ला बांधायला घेतला. आराखडा इन्यात्सिओ बेर्तोला यांचा. किल्ल्यासाठी ती अख्खी पेठ पाडली. आज तिथे अलेस्सांद्रियाचा चित्तादेल्ला आहे, ताऱ्याच्या आकाराचा भक्कम किल्ला. आजच्या नकाशात बेर्गोल्यो शोधणारा हात हलवत परत येतो तो यामुळे. गावावरून आलेल्या आडनावासाठी निदान १८००च्या आधीचे नकाशे बघा, आणि पाडलेली, बुडालेली, दुसऱ्या गावात विरघळलेली गावं लक्षात घ्या.

यातलाच दुसरा मुद्दा मराठी माणसाला चटकन कळावा. चिपळूणकर हे आडनाव चिपळूण सोडलेल्या घराला चिकटतं. खुद्द चिपळुणात सगळेच चिपळूणचे, तिथे या नावाने कोणाची ओळख पटणार? इटलीतही तसंच. ‘बेर्गोल्योहून आलेला’ ही ओळख बेर्गोल्योच्या बाहेर पडते. म्हणून आडनावाचा उगम एकीकडे आणि ते लावणाऱ्यांची दाटी दुसरीकडे, असं दिसलं तर गडबडू नका. या आडनावाची जुनी घरं आस्तीकडे दिसतात ते या नियमाला धरूनच आहे. आणि एकाच पेठेतून वेगवेगळ्या काळी बाहेर पडलेल्या, एकमेकांशी नातं नसलेल्या दोन घरांनाही हेच नाव मिळू शकतं.

पत्र चुकीच्या नगरपालिकेला जातं

बातम्यांत ‘पोपचं मूळ गाव पोर्ताकोमारो’ असं छापून येतं. ते वाचून जो पोर्ताकोमारोच्या नगरपालिकेला, म्हणजे तिथल्या ‘कोमूने’ला, पत्र लिहील, तो चुकेल. घराण्याची टेकडी आहे ब्रिको मार्मोरितो. ती पोर्ताकोमारो स्तात्सिओने या वस्तीत येते आणि ही वस्ती आस्ती शहराच्या नगरपालिकेत मोडते. पोर्ताकोमारो गाव वेगळं, त्याची नगरपालिका वेगळी. नावात फरक फक्त ‘स्टेशन’चा, पण दप्तर दुसरं. इटलीतल्या दुसऱ्या एका गावाच्या बाबतीत मी हीच चूक केली होती. सहा आठवड्यांनी ‘आमच्याकडे नोंद नाही’ असं दोन ओळींचं उत्तर आलं आणि धागा तिथेच संपला असं मी धरून चाललो. खरं दप्तर शेजारच्याच नगरपालिकेत होतं. नकारार्थी उत्तर आलं की आधी वस्ती कोणत्या कोमूनेत मोडते ते तपासा, आणि तेव्हा कोणत्या कोमूनेत मोडत होती तेही.

पिढी बदलली की गावही बदलतं. पोपचे आजोबा जोव्हान्नी आंजेलो आस्तीकडचे, वडील मारिओ मात्र १९०८मध्ये तुरिनला जन्मले. वडिलांची नोंद तुरिनला मागायची, आजोबांची आस्तीला. सगळं एकाच पत्रात एकाच गावाकडे मागणारे बरेच असतात.

साल बघूनही दार बदलतं. नगरपालिकेतली जन्म-मृत्यू नोंद एकसंध इटलीत १ जानेवारी १८६६पासून सुरू झाली. नेपोलियनच्या काळातली काही वर्षं वगळता पिएमोंतेत त्याआधीचं सगळं चर्चकडे आहे. १८३८पासून चर्चच्या नोंदींची दुसरी प्रत सरकारकडे जाऊ लागली. त्याही मागे जायचं तर चर्चची बाप्तिस्मा आणि विवाहाची वही. या वह्या ठेवण्याची शिस्त १५६३मध्ये संपलेल्या ट्रेंटच्या धर्मसभेनंतर सगळीकडे आली. घरबसल्या बघायचं असेल तर इटलीच्या सरकारी अभिलेखागारांचं ‘आंतेनाती’ हे संकेतस्थळ मोफत आहे, पण सगळी गावं त्यावर चढलेली नाहीत. तिथे नाही म्हणजे नोंदच नाही, असं समजू नका.

जहाजाच्या गोष्टीवर आंधळा विश्वास

परदेशी गेलेल्या प्रत्येक घरात एका जहाजाची गोष्ट असते. बेर्गोल्यो कुटुंबाने ‘प्रिन्चिपेस्सा माफाल्दा’ या जहाजाची तिकिटं काढली होती. ऑक्टोबर १९२७मध्ये ते जहाज ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ बुडालं आणि तीनशेहून अधिक माणसं गेली. मालमत्तेची विक्री वेळेत झाली नाही म्हणून हे कुटुंब त्यावर चढलं नव्हतं. पुढे ते ‘जुलिओ चेझारे’ने गेलं आणि १९२९च्या सुरुवातीला ब्युनोस आयर्सला उतरलं. तिथे भर उन्हाळा, आणि आजी रोझा अंगात फरचा कोट घालून धक्क्यावर उतरल्या. घरदार विकून आलेला पैसा त्या कोटाच्या अस्तरात शिवलेला होता. ‘माफाल्दा’ हे नाव त्या घरात पिढ्यान् पिढ्या निघत राहिलं, पण त्या नावाने प्रवाशांची यादी चाळणाऱ्याला हे कुटुंब सापडायचं नाही. ठरलेलं जहाज आणि प्रत्यक्षातलं जहाज यांत अंतर असू शकतं, म्हणून सांगितलेल्या सालाच्या मागेपुढे दोन-तीन वर्षं शोधा.

‘गरिबीमुळे गेले’ हेही सरसकट लिहू नका. आजोबांचे तीन भाऊ १९२२पासून अर्जेंटिनातल्या पराना शहरात होते. रस्ते फरसबंद करायची त्यांची कंपनी चांगली चालली होती आणि चार मजली घर बांधून ते तिथे राहत होते. मंदीत ते सगळं गेलं, ती पुढची गोष्ट. आडनावाचे परदेशातले ठिपके असेच पडतात. आधी एक भाऊ जातो, मग त्याच्या आधाराने बाकीचे. एकाच छोट्या शहरात दुर्मिळ आडनावाची बरीच घरं दिसली, तर पहिला कोण आला ते आधी शोधा.

‘बंदरावरच्या कारकुनाने आडनाव बदललं’ ही समजूतही सोडा. प्रवाशांची यादी जहाज सुटतानाच तयार होत असे. स्पेलिंग घसरतं ते नंतर, नव्या देशातल्या चर्चमध्ये, शाळेत, कचेरीत. म्हणून शोधताना बेर्गोलिओ, बोर्गोल्यो, बेर्गोजो अशी सगळी रूपं टाकून बघा.

‘फू’ हे नाव नाही

जुनी नोंद हातात आली की पहिली ओळ साधारण अशी असते: साल अक्षरी लिहिलेलं, मग ‘आद्दी’ म्हणजे ‘या दिवशी’, मग कोण अधिकाऱ्यासमोर हजर झालं ते. पुढे ‘जोव्हान्नी दी फ्रांचेस्को’ असं दिसलं तर फ्रांचेस्को हयात आहेत. ‘जोव्हान्नी फू फ्रांचेस्को’ दिसलं तर फ्रांचेस्को वारलेले आहेत. ‘फू’ म्हणजे आपलं ‘कै.’. याला मधलं नाव किंवा आडनाव समजून लोकांनी वंशवृक्ष बिघडवलेले आहेत. नीट वाचलं तर हाच ‘फू’ उपयोगी पडतो. मुलाच्या एका नोंदीत ‘दी’ आणि पाच वर्षांनी ‘फू’ असेल, तर बापाचा मृत्यू त्या पाच वर्षांत शोधायचा.

आईबापाच्या जागी ‘एन. एन.’, म्हणजे ‘नाव ठाऊक नाही’, असं असेल तर मूल अनाथालयात सोडलेलं असण्याचा संभव असतो आणि आडनाव तिथे दिलेलं असतं. नेपल्सकडचं एस्पोझितो, फ्लोरेन्सचं इन्नोचेन्ती, रोमचं प्रोयेत्ती ही अशीच रुळलेली. तिथून मागे आडनावाचा शोध नेण्यात अर्थ नसतो.

आडनाव जुळलं की नातं जुळत नाही

पोपच्या आईचं आडनाव सीवोरी, मूळ लिगुरिया प्रांताकडचं. तुरिनच्याच युव्हेंटस फुटबॉल क्लबकडून खेळलेला, १९६१चा बॅलन डी’ओर पुरस्कार जिंकलेला ओमार सीवोरी हाही अर्जेंटिनात जन्मलेला. दोघांना नातेवाईक ठरवायला एवढं पुरत नाही. वसईत किंवा गोव्यात परेरा आडनावाच्या घरांचं पोर्तुगालशी रक्ताचं नातं कोणी धरत नाही, कारण नाव कसं आलं ते आपल्याला ठाऊक असतं. परक्या देशाच्या बाबतीत मात्र आपण हे भान विसरतो.

‘घराण्याचं मानचिन्ह’ छापून विकणाऱ्यांना पैसे देऊ नका. मानचिन्ह विशिष्ट घराला मिळायचं, आडनावाला नव्हे. पोप फ्रान्सिस यांच्या चिन्हात जेझुइट संघाचा सूर्य आहे, मेरीसाठी तारा आहे आणि जोसेफसाठी जटामांसीचं फूल आहे. ते त्यांच्या पदाचं आणि निष्ठेचं चिन्ह आहे, बेर्गोल्यो घराण्याचं नव्हे.

दाखला मागताना

साधा ‘चेर्तिफिकातो’ मागितलात तर नाव, गाव, तारीख एवढंच येतं. ‘एस्त्रात्तो’ मागितलात तरी १९५५च्या कायद्यानंतर त्यात आईबापाची नावं आपोआप येत नाहीत. ‘कोपिया इन्तेग्राले’, म्हणजे मूळ नोंदीची पूर्ण नक्कल, मागा. तिच्यात आईबाप येतात, बापाचा धंदा, राहण्याचा पत्ता येतो आणि समासात पुढे झालेल्या लग्नाची टीपही असू शकते. पत्र इटालियनमध्ये लिहा, छोटं लिहा, एका पत्रात एकच माणूस मागा. साल नक्की नसेल तर ‘१८८२ ते १८८६ दरम्यान’ असं स्पष्ट घाला.

उत्तराला महिना-दोन महिने लागतात. तेवढ्यात आजीच्या बाजूचं पत्र टाकून द्या. रोझा वास्साल्लो ना आस्तीच्या, ना तुरिनच्या. त्यांचं गाव पियाना क्रिक्सिया, लिगुरियातल्या साव्होना जिल्ह्यात.