पावसाळ्यात बांधकामाच्या जागेवरची माती जागेवरच कशी राखावी

मृगाचा पाऊस सुरू होण्याआधी खोदाई उरकून घ्यायची घाई मे महिन्यात बहुतेक बांधकामांवर असते. उताराच्या जागेवर हीच घाई पुढे महागात पडते, कारण झाडझाडोरा काढलेली, पोकलेनने उकरलेली आणि अजून नीट न दबलेली माती नेमकी जोराच्या पावसाच्या तोंडावर उघडी पडते. जून २०१३ मध्ये पुण्याजवळ शिंदेवाडी येथे फोडलेल्या डोंगरावरून आलेल्या पाण्याच्या लोंढ्यात सातारा महामार्गावरून जाणाऱ्या एका आईचा आणि तिच्या लहानग्या मुलीचा जीव गेला. प्रत्येक ठिकाणी एवढा अनर्थ होत नाही. पण गाळाने तुंबलेले पावसाळी गटार, खालच्या शेतात पसरलेला मुरूम आणि गढूळ झालेली विहीर हे दर पावसाळ्यात दिसतेच, आणि त्याचा भुर्दंड बहुतेक वेळा उताराच्या खालच्या बाजूला राहणाऱ्यांना सोसावा लागतो. पुढील माहिती साइट इंजिनिअर आणि मुकादम यांच्यासाठी आहे, तशीच दोन-चार गुंठ्यांत स्वतःचे घर बांधणाऱ्यांसाठीही आहे.

आधी आपली माती ओळखावी

एक लिटरची पारदर्शक बाटली घ्यावी, तिच्यात तिसरा हिस्सा जागेवरची माती आणि बाकी पाणी भरावे, खळखळून हलवावी आणि सपाट जागी ठेवून घड्याळ लावावे. रेतीचे कण मिनिटा-दोन मिनिटांत तळाला बसतात, पोयट्याचे कण तासांनी बसतात, आणि चिकणमातीचे कण दुसऱ्या दिवशीही पाण्यातच तरंगत राहून ते चहासारखे दिसत राहते. साध्या हिशेबाने ०.१ मिलिमीटरचा कण स्थिर पाण्यात एक मीटर खाली जायला सुमारे दोन मिनिटे घेतो, ०.०१ मिलिमीटरचा कण तीन तासांच्या आसपास, तर ०.००१ मिलिमीटरचा कण जवळजवळ दोन आठवडे घेतो.

या प्रयोगावरून पुढचा सगळा आराखडा ठरतो. मुरमाच्या जागेवर भरड कण जास्त असल्यामुळे गाळ बसवण्याचा खड्डा बऱ्यापैकी काम करतो; काळ्या मातीत मात्र एकदा चिकणमाती पाण्यात मिसळली की व्यवहारात परवडेल असा कोणताही खड्डा ती पूर्णपणे खाली बसवू शकत नाही. म्हणून माती सुटूच न देणे हा पहिला उपाय आणि सुटलेली माती अडवणे हा शेवटचा. बहुतेक कामांवर हा क्रम उलटा असतो: सगळी जागा उघडी करून ठेवायची आणि फाटकाजवळ एक खड्डा खणून समाधान मानायचे.

वरचे पाणी वरच्या वर वळवावे

१० गुंठे जागेवर ५० मिलिमीटर पाऊस पडला, तर सुमारे ५० हजार लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे पाच टँकर भरतील एवढे पाणी पडते. वरच्या डोंगरउतारावरून येणारे पाणी त्यात मिसळले की हाच आकडा कितीतरी पटींनी वाढतो. वाहत्या पाण्याचा वेग दुप्पट झाला की ते ढकलू शकेल अशा सर्वांत मोठ्या दगडाचे वजन ढोबळमानाने ६४ पट होते. त्यामुळे बाहेरचे पाणी आत न येऊ देणे आणि आतल्या पाण्याचा वेग वाढू न देणे या दोन गोष्टींवर सर्वांत आधी खर्च करावा.

जागेच्या वरच्या हद्दीने उताराला आडवा चर खणावा आणि त्यातून निघालेल्या मातीचा बांध चराच्या खालच्या अंगाला, म्हणजे आपल्या जागेच्या बाजूला, घालून दाबून घ्यावा. चराला १०० मीटरमागे साधारण एक मीटर एवढाच उतार द्यावा. त्यासाठी महागडे उपकरण लागत नाही. गवंडी वापरतात ती पाण्याने भरलेली पारदर्शक नळी पुरते. सारख्या खुणा केलेल्या दोन काठ्या १० मीटर अंतरावर उभ्या धराव्यात, नळीची दोन टोके त्यांना लावावीत, नळीत हवेचा बुडबुडा राहिलेला नाही याची खात्री करावी आणि पाणी स्थिर होऊ द्यावे. पुढच्या काठीवर पाण्याची पातळी मागच्यापेक्षा १० सेंटीमीटर वर दिसली की तेथील जमीन तेवढीच खाली आहे आणि उतार हवा तसा मिळाला आहे असे समजावे.

जागेच्या आकारामुळे चराला जास्त उतार द्यावाच लागला, तर त्यात ठरावीक अंतरावर दगडांचे छोटे बांध घालावेत. खालच्या बांधाचा माथा आणि वरच्या बांधाचा पायथा एका पातळीत आला की अंतर बरोबर असते. बांध ४५ सेंटीमीटर उंच असेल आणि चराचा उतार १०० मीटरला ३ मीटर असेल, तर हे अंतर १५ मीटर येते. बांधाचा मध्यभाग कडेपेक्षा १५ सेंटीमीटर तरी खाली ठेवावा, नाहीतर पाणी बांधाला वळसा घालून चराच्या भिंती खाते.

धावत्या पाण्याला चालायला लावावे, चालत्या पाण्याला थांबायला लावावे आणि थांबलेल्या पाण्याला मुरवावे, असे पाणलोटाच्या कामात आपल्याकडे सांगतात. त्यातली पहिली दोन पावले बांधकामालाही लागू आहेत, पण तिसरे सरसकट लावू नये. खोदलेल्या तळघराच्या कडेला किंवा संरक्षक भिंतीच्या मागे पाणी मुरवले तर कडा ढासळते आणि खाली काम करणाऱ्या माणसांच्या जिवावर बेतते.

उघडी जमीन कमी ठेवावी, उरलेली झाकावी

पुढच्या काही आठवड्यांत जेथे काम होणार आहे तेवढीच जागा साफ करावी आणि बाकीचे गवत तसेच राहू द्यावे. वरची सुपीक माती वेगळी काढून तिचा ढीग दोन मीटरपेक्षा उंच न करता ओढा, गटार आणि उतार यांपासून दूर ठेवावा, त्यावर ताडपत्री घालावी आणि पायथ्याशी मुरमाने भरलेल्या गोण्यांची ओळ लावावी.

मुळशी तालुक्यातल्या एका कामावर मी नवा असताना असा ढीग ओढ्याच्या काठावर टाकू दिला, कारण डंपरला वळायला तीच जागा सोयीची होती. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात एका रात्रीच्या पावसात त्यातली निम्मी माती गेली, आणि सकाळी खालच्या शेतकऱ्याने मला हाताला धरून त्याच्या वाफ्यांपाशी नेले. नुकतेच उगवलेले भाताचे रोप बोटभर तांबड्या चिखलाखाली गाडले गेले होते. भरपाई दिली गेली, परंतु पुन्हा बी टाकून रोप तयार होईपर्यंत त्याची लावणी मागे पडली, ती कोणत्याही पैशाने पुढे आली नाही. त्यानंतर ढिगाची जागा मी स्वतः आखून दिल्याशिवाय पहिला डंपर आत घेतलेला नाही.

पावसाचा टपोरा थेंब सेकंदाला सुमारे नऊ मीटर वेगाने उघड्या मातीवर आदळतो आणि कण सुटे करतो, म्हणून आच्छादनाइतका स्वस्त आणि परिणामकारक उपाय दुसरा नाही. भाताचा पेंढा किंवा उसाचे पाचट गुंठ्याला साधारण ५० किलो या प्रमाणात सारखे पसरावे. ते वाऱ्याने उडू नये म्हणून वर सुतळीची जाळी ताणावी किंवा मातीत थोडे दाबावे. तीव्र उतारावर पेंढा टिकत नाही. तेथे काथ्याची किंवा तागाची जाळी अंथरावी. तिची वरची कड १५ सेंटीमीटर खोल चरात पुरावी आणि जाळी जमिनीला सगळीकडे चिकटेल अशा खुंट्या माराव्यात, कारण जाळी आणि माती यांच्यामध्ये फट राहिली की पाणी खालून वाहते आणि वरून सगळे ठीक दिसत राहते. जाळीखाली आधीच ताग किंवा नाचणीचे बी फेकावे. कायमच्या उतारासाठी वाळ्याच्या गवताचे ठोंब उताराला आडव्या ओळींत, दोन ठोंबांत १० ते १५ सेंटीमीटर अंतर ठेवून लावावेत.

भराव दाबताना पोकलेन उतारावर वर-खाली चालवावा. तसे केल्याने त्याच्या साखळीचे ठसे उताराला आडवे उमटतात आणि प्रत्येक ठसा पाण्याला एक बारीकशी पायरी होतो. मशीन आडवे चालवले तर तेच ठसे उताराच्या दिशेने जातात आणि पाण्याला आयत्या नाल्या मिळतात.

सुटलेला गाळ अडवण्यासाठी

खालच्या हद्दीवर जिओटेक्स्टाइल कापडाचे (पाणी झिरपू देणारे पण माती अडवणारे कृत्रिम धाग्यांचे कापड) कुंपण समपातळीत उभारावे. कापडाची खालची कड १५ सेंटीमीटर रुंद व तेवढ्याच खोल चरात पुरून माती ठोकून बसवावी, दोन खांबांमधले अंतर दोन मीटरपेक्षा जास्त ठेवू नये आणि दोन्ही टोके उताराच्या वरच्या दिशेला वळवावीत. ३० मीटर लांबीच्या कुंपणामागे १० गुंठ्यांपेक्षा जास्त जागेचे पाणी येता कामा नये, आणि ओढ्याच्या किंवा चराच्या प्रवाहात ते कधीही आडवे लावू नये. इमारतीला धुळीसाठी लावतात ती हिरवी जाळी या कामाला चालत नाही, कारण तिच्या छिद्रांतून बारीक गाळ सहज निघून जातो.

गाळ बसवण्याच्या खड्ड्यासाठी त्याच्याकडे पाणी येणाऱ्या जागेच्या प्रत्येक गुंठ्यामागे किमान अडीच घनमीटर जागा धरावी. म्हणजे १० गुंठ्यांना २५ घनमीटर. खड्डा लांबट असावा, लांबी रुंदीच्या दुप्पट तरी असावी, आणि पाणी एका टोकाने येऊन दुसऱ्या टोकाने, दगड रचलेल्या सांडव्यावरून बाहेर पडावे. अर्धा भरला की उपसावा. खड्ड्याभोवती पक्के कुंपण हवेच, कारण मजुरांची लहान मुले त्याच जागेवर वावरत असतात. पाणी साचून राहिले तर डासही होतात, त्यामुळे उघडीप मिळताच वरचे निवळ पाणी हळूहळू सोडून द्यावे.

तळघरातले पाणी उपसताना पंपाचे तोंड तळाशी टाकले की तो चिखलच ओढतो. भोके पाडलेल्या पिंपाला जिओटेक्स्टाइल गुंडाळून, भोवती खडी भरून पंप त्यात ठेवावा आणि नळी थेट रस्त्यावरच्या चेंबरमध्ये न सोडता आधी खड्ड्यात सोडावी.

फाटकाच्या आत किमान १५ मीटर लांबीची आणि १५ ते २० सेंटीमीटर जाडीची जाड खडी, खाली कापड घालून, अंथरावी, म्हणजे डंपरच्या चाकांचा चिखल तेथेच सुटतो. रस्त्यावर आलेला चिखल फावड्याने आणि झाडूने गोळा करावा. पाण्याचा फवारा मारून तो गटारात ढकलू नये.

नियम

महाराष्ट्राच्या विकास नियंत्रण नियमांनुसार १:५ पेक्षा (पाच मीटर आडव्या अंतरात एक मीटर चढ) तीव्र डोंगरउतारावर बांधकामाला परवानगी नाही, ही गोष्ट जागा घेतानाच तपासावी. २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे २० हजार चौरस मीटर किंवा त्याहून जास्त बांधकाम क्षेत्र असलेल्या प्रकल्पाला आधी पर्यावरण मंजुरी घ्यावी लागते, आणि वरची माती जपून पुन्हा वापरण्याची अट या मंजुरीत सामान्यतः असते. ओढ्या-नाल्यात प्रदूषक टाकण्यास १९७४ च्या जल कायद्यानुसार मनाई आहे, मग प्रकल्प केवढाही असो.

देखभाल

आठवड्यातून एकदा आणि प्रत्येक मोठ्या पावसानंतर एकाच ठरावीक माणसाने सगळी हद्द पायी फिरावी. शक्य तर पाऊस चालू असतानाच फिरावी, कारण पाणी कोठे फुटते ते तेव्हाच दिसते. कापडाच्या कुंपणामागे गाळ एक तृतीयांश उंचीपर्यंत आला की काढावा आणि वरच्या सपाट भागात पसरावा. काढलेला गाळ कुंपणाच्या बाहेर टाकल्यास सगळी मेहनत वाया जाते.

काम संपले म्हणून लगेच कुंपण काढू नये. उघड्या जमिनीचा सुमारे ७० टक्के भाग गवताने धरला की प्रथम कुंपणामागचा गाळ उचलावा, मग कापड आणि खांब काढावेत, चरातले दगडी बांध हलवावेत, आणि सगळ्यांत शेवटी खड्डा कोरड्या दिवसांत बुजवून त्यावर राखून ठेवलेली सुपीक माती पसरावी.