काउंटी कॉर्क, पण धर्मप्रांत केरी

नवऱ्याच्या पणजोबांबद्दल सासरी दोनच गोष्टी माहीत होत्या. आडनाव सलिव्हन, आणि आयर्लंडच्या कॉर्क काउंटीतून येऊन ते माँटानातल्या ब्यूट गावी तांब्याच्या खाणीत राबले. एवढ्या भांडवलावर मी शोध सुरू केला आणि चौदा महिने एका परक्याच घराण्याची वंशावळ काढत राहिले. सासूबाईंनी ती छापून, फ्रेम करून दिवाणखान्यात लावली होती. ती भिंतीवरून उतरवा, हे मलाच त्यांना सांगावं लागलं. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त खिळा तसाच राहू दिला. ज्यांनी सासरच्या किंवा मुलांच्या आयरिश पूर्वजांचा शोध नुकताच हाती घेतला आहे, त्यांच्यावर अशी वेळ येऊ नये म्हणून हे लिहिते आहे.

अमेरिकेची जनगणना कशी वाचायची ते तुम्ही शिकला असालच. 1900 ची सर्वात उपयोगी, कारण तिच्यात जन्माचा महिना आणि वर्ष आहे, शिवाय अमेरिकेत आल्याचं सालही. 1890 ची जवळजवळ सगळी गेली, तिच्यासाठी दिवस घालवू नका. पण या सगळ्या गणनांमध्ये जन्मस्थळाच्या रकान्यात साधारणपणे एकच शब्द सापडतो: आयर्लंड. काउंटी नाही, गाव तर नाहीच.

आणि गावाशिवाय पुढे पाऊल पडत नाही. त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्यायांकडे गेलात तर वही उघडण्याआधी ते गाव विचारतात ना, तसंच इथे. तिथलं गाव म्हणजे टाउनलँड. आपल्या वाडीएवढी, काही ठिकाणी त्याहूनही लहान जमीन. संपूर्ण बेटावर अशा 60 हजारांहून जास्त आहेत आणि एकच नाव अनेक काउंट्यांत आढळतं. म्हणून आयरिश रजिस्टरं उघडण्याची घाई करू नका. आधी अमेरिकेतच गाव शोधा: चर्चमधल्या लग्नाची नोंद, थडग्यावरचा मजकूर, जुन्या वर्तमानपत्रातली मृत्युवार्ता. बॉस्टनच्या ‘पायलट’ या वर्तमानपत्रात 1831 ते 1921 या काळात हरवलेल्या नातलगांच्या जाहिराती येत. त्यांत माणसं आपलं गाव, पॅरिश (म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला भाग), सगळं सांगत, कारण आपला माणूस सापडावा ही त्यांना तळमळ होती. नागरिकत्वाचे कागद 1906 नंतरचे असतील तर नशीब. त्याआधीच्या कागदांवर बहुतेक वेळा पुन्हा तेच, आयर्लंड.

मी हे काही केलं नाही. कॉर्क काउंटी माहीत आहे ना, मग कॉर्कची चर्चं बघू, असा विचार केला. नॅशनल लायब्ररी ऑफ आयर्लंडने 2015 मध्ये कॅथलिक पॅरिशच्या रजिस्टरांच्या मायक्रोफिल्म्स सगळ्यांसाठी मोफत खुल्या केल्या. त्यांतून मी ‘कॉर्क आणि रॉस’ या धर्मप्रांतातल्या (म्हणजे बिशपच्या अखत्यारीतल्या) पॅरिश एकेक करून चाळल्या. स्किबरीनजवळ एक बाप्तिस्मा सापडला. मुलाचं नाव तेच, वय एका वर्षाच्या फरकाने जुळणारं, वडील जॉन, आई मेरी. मला आनंदाने रडू आलं होतं. पैसे घेऊन शोध करून देणाऱ्या एकाला खात्रीसाठी विचारलं, त्यानेही होकार दिला. त्याने फक्त मी पाहिलेली सूचीच परत पाहिली होती.

आता चूक नीट समजून घ्या. मला कोणी ती समजावून सांगितली नव्हती, म्हणून इथे जरा जास्तच लिहिते.

काउंटी ही राज्यकर्त्यांची विभागणी. धर्मप्रांत चर्चचे, आणि ते काउंट्यांपेक्षा जुने. त्यांच्या हद्दींचा आराखडा 1111 च्या राथ ब्रेसलच्या धर्मसभेपासूनचा आहे. त्यामुळे दोन्हींच्या सीमा जुळतीलच असं नाही. ब्यूटमधले कितीतरी सलिव्हन ज्या बेरा द्वीपकल्पातून आले, ते सरकारी कागदावर कॉर्क काउंटीत आहे. पण तिथल्या ॲलिहीस, आयरीझ, कॅसलटाउनबेअर या पॅरिश केरीच्या धर्मप्रांतात येतात. मी वर्षभर ज्या रजिस्टरांत शोधत होते, त्यांत ते असणं शक्यच नव्हतं.

त्याच्या खाली आणखी एक थर आहे. पॅरिशही दोन प्रकारच्या. धर्मसुधारणेनंतर जुन्या पॅरिश प्रोटेस्टंट पंथाच्या अँग्लिकन चर्चकडे गेल्या आणि त्याच पुढे सरकारी ‘सिव्हिल पॅरिश’ म्हणून चालत राहिल्या. कॅथलिकांनी आपल्या पॅरिश नव्याने आखल्या. म्हणून 1847 ते 1864 मध्ये करआकारणीसाठी झालेल्या ग्रिफिथच्या जमीन-घरांच्या मूल्यांकनात जे घर किलनामाना या पॅरिशखाली सापडतं, त्याच घरच्या मुलांचा बाप्तिस्मा मात्र ॲलिहीसच्या रजिस्टरमध्ये असतो. कागदावर प्रत्येक जागेसमोर चार रकाने आखा: काउंटी, धर्मप्रांत, कॅथलिक पॅरिश, सिव्हिल पॅरिश. चारही भरल्याशिवाय एकही रजिस्टर उघडू नका. हात जोडून सांगते.

माझी चूक उघडी पडली ती ब्यूटमधल्या लग्नाच्या नोंदीमुळे. तिच्यात आईचं माहेरचं आडनाव होतं: हॅरिंग्टन. स्किबरीनची मेरी वेगळ्या आडनावाची होती. बाप्तिस्म्याच्या नोंदीत आईचं नाव साधारणपणे माहेरच्या आडनावानेच असतं, म्हणजे ती तफावत पहिल्या दिवसापासून माझ्या डोळ्यांसमोर होती. मी तिच्याकडे पाहिलंच नव्हतं. जॉन आणि मेरी सलिव्हन ही जोडी पश्चिम कॉर्कमध्ये पावलोपावली भेटते. तिथे पहिल्या मुलाला वडलांकडच्या आजोबांचं नाव ठेवण्याची चाल, त्यामुळे चार भावांना चार मुलगे झाले की एकाच नावाचे चार चुलतभाऊ तयार. न्यूयॉर्क बंदरात स्थलांतरितांची नोंद होत असे त्या एलिस बेटावर 1 जानेवारी 1892 ला सर्वात आधी उतरलेली कॉर्कची ॲनी मूर तर इतकी प्रसिद्ध, तरीही टेक्ससमध्ये राहिलेली दुसरीच ॲनी मूर म्हणजे ती, असं कित्येक वर्षं मानलं जात होतं. 2006 मध्ये खरं उलगडलं: खरी ॲनी न्यूयॉर्कमध्येच राहिली होती.

म्हणून दुसऱ्यांनी इंटरनेटवर टाकलेले वंशवृक्ष उचलू नका. एकाची चूक पन्नास जणांच्या झाडांवर गेली की तीच पुरावा वाटू लागते. डीएनए चाचणीबद्दल माझं मत अनेकांना पटत नाही: सुरुवातीला ती करूच नये. कागद हाती नसताना शेकडो दूरचे भाऊबंद समोर आले की माणूस हवं ते नातं जुळवून घेतो. मार्गदर्शक मात्र जरूर शोधा, आणि उत्तर देणाऱ्यापेक्षा प्रश्न विचारणारा निवडा. आमच्या गावच्या वंशशोध मंडळातल्या एका वयस्कर बाईंनी माझे कागद पाहिले. ब्यूट, सलिव्हन, हॅरिंग्टन, एवढं वाचून त्या म्हणाल्या, “बेरा.” मग एवढंच विचारलं, “धर्मप्रांत कोणता पाहिलास?”

घाबरू मात्र नका. 1922 मध्ये डब्लिनच्या फोर कोर्ट्सला, म्हणजे जुनं सरकारी दप्तर होतं त्या न्यायालयांच्या आवाराला, आग लागली, सगळं जळालं, असं तुम्हाला कोणीतरी सांगेलच. 1821 ते 1851 च्या गणनांचा मोठा भाग खरंच त्या आगीत गेला. 1861 ते 1891 च्या तर त्याआधीच सरकारी हुकमाने नष्ट झाल्या होत्या. पण कॅथलिक रजिस्टरं पॅरिशमध्येच होती, ती वाचली. 1901 आणि 1911 च्या गणना पूर्ण आहेत आणि मोफत पाहता येतात. 1864 पासून जन्म, लग्न, मृत्यू यांची सरकारी नोंदही आहे. वयं जुळली नाहीत तर लगेच माणूस सोडून देऊ नका. 1909 पासून सत्तरीच्या पुढच्यांना पेन्शन मिळू लागली, त्यामुळे 1901 ते 1911 या दहा वर्षांत कित्येकांचं वय पंधरा वर्षांनी वाढलेलं दिसतं. गरिबाच्या घरी जन्मतारीख कोण लिहून ठेवणार?

ॲलिहीसच्या रजिस्टरमध्ये आमची नोंद सापडली ती 1859 सालची. शाई फिकी, कोपऱ्यावर ओलीचा डाग, नावं लॅटिनमध्ये: जॉनचा जोआनेस, मेरीची मारिया. हॅरिंग्टनचा शेवट डागाखाली गेला होता. पण गॉडमदरचं आडनावही हॅरिंग्टन होतं आणि ते स्वच्छ वाचता येत होतं. शेजारी टाउनलँडचं नाव.

त्या टाउनलँडची 1901 ची गणना मी सासूबाईंच्या शेजारी बसून उघडली. मेरी सलिव्हन, विधवा, वय 70. वाचता येत नाही. भाषा: आयरिश आणि इंग्रजी. घराच्या फॉर्मवर गवताचं छप्पर आणि पुढच्या बाजूला दोन खिडक्या. सासूबाईंनी चष्मा पुसून ती ओळ परत वाचली आणि मला विचारलं, “मुलगा अमेरिकेला गेला तेव्हाही ती याच घरात होती का गं?”